पुढचे पाऊल दिसत नाही तेव्हा



बारावीचा निकाल हाती आला आहे, पण प्रवेश कुठे मिळणार ते ठाऊक नाही. आखातातील नोकरीचा करार संपत आला आहे; तो वाढणार की सामान बांधायचे, हे कंपनी सांगत नाही. डॉक्टरांनी गाठीचा नमुना तपासायला पाठवला आहे आणि रिपोर्ट यायला अजून आठ दिवस आहेत. अशा वेळी प्रत्यक्ष संकटापेक्षा वाट पाहणेच जड जाते. रात्री माळेची प्रार्थना करायला बसलो, तरी मनात एकच मागणी घोळत राहते : ‘देवा, पुढचे सगळे एकदाच दाखव.’

देव असे एकदाच सगळे दाखवतो का? संत मत्तयच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय आज घरी उघडा आणि संत योसेफाकडे पाहा.

चार स्वप्ने, चार पावले

शुभवर्तमानात योसेफाचा एकही शब्द नोंदवलेला नाही. त्याची चार स्वप्ने मात्र मत्तयने जपून ठेवली आहेत. पहिल्या स्वप्नात (१:२०) मरियेचा स्वीकार करण्यास भिऊ नको, असे देवदूत सांगतो. पुढे हेरोद बाळाच्या जिवावर उठेल, हे तेव्हा सांगत नाही. दुसऱ्या स्वप्नात (२:१३) बाळ व त्याची आई यांना घेऊन मिसर देशात जा आणि मी सांगेपर्यंत तेथेच राहा, अशी आज्ञा होते. किती महिने, किती वर्षे? उत्तर नाही. तिथे पोट कसे भरायचे, याचाही उल्लेख नाही. तिसऱ्या स्वप्नात (२:१९-२०) इस्राएल देशात परत जाण्यास सांगितले जाते, पण गाव कोणते ते सांगितले जात नाही. चौथ्या स्वप्नानंतर (२:२२-२३) तो गालील प्रांतात जातो आणि नाझरेथ गावी संसार थाटतो.

चारही वेळा देवाने योसेफाला फक्त पुढचे पाऊल दाखवले. आणि दरवेळी योसेफ उठला. मिसरला जायचे होते, तेव्हा तो सकाळ होण्याचीही वाट न पाहता रात्रीच निघाला. पहिले पाऊल टाकल्याशिवाय दुसरे दिसले नाही. बेथलेहेमातच बसून तो पूर्ण नकाशा मागत राहिला असता, तर?

भीती म्हणजे अविश्वास नव्हे

मिसरहून परतताना हेरोदाच्या जागी त्याचा मुलगा अर्खेलाव यहुदियावर राज्य करीत आहे, हे योसेफाला कळले आणि त्याला तेथे जाण्याची भीती वाटली. मत्तय हे लपवत नाही. देवाने आपल्या पुत्राचा सांभाळ ज्याच्यावर सोपवला, तो मनुष्यही घाबरला! परंतु त्याने त्या भीतीचा उपयोग केला. परिस्थिती नीट पाहिली, विचार केला, आणि त्यानंतर चौथे मार्गदर्शन मिळाले. म्हणून रिपोर्टची वाट पाहताना हातपाय गार पडले, तर ‘माझा विश्वास कमी पडला’ असे मनाला लावून घेऊ नये. तीच भीती देवापुढे ठेवावी.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१५ मध्ये मनिला येथे कुटुंबांशी बोलताना आपली एक सवय सांगितली होती. त्यांच्या टेबलावर झोपलेल्या संत योसेफाची मूर्ती असे. एखादी अडचण आली, की ती कागदावर लिहून ते तो कागद मूर्तीखाली ठेवीत.

आम्हाला स्वप्ने पडत नाहीत, त्याचे काय?

हा प्रश्न रास्त आहे. १८३३ साली जॉन हेन्री न्यूमन हे तरुण अँग्लिकन धर्मगुरू सिसिली बेटावर तापाने मरणाच्या दारी पोहोचले. बरे झाल्यावर घरी परतायला जहाज मिळेना. अखेर संत्री वाहून नेणारे एक जहाज मिळाले, तर वारा पडल्याने तेही समुद्रात अडकले. तेथे त्यांनी एक प्रार्थनागीत लिहिले. त्यात त्यांनी दूरचे दृश्य मागितले नाही. एका पावलापुरता प्रकाश मागितला. त्यांनाही स्वप्न पडले नाही, देवदूत आला नाही. अभ्यास, प्रार्थना आणि मनाची ओढाताण यांत बारा वर्षे गेली. ९ ऑक्टोबर १८४५ रोजी त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. २०१९ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी ख्रिस्तसभेचे विद्वान आचार्य म्हणून घोषित करण्यात आले. त्या अडकलेल्या जहाजावर यातले काहीच त्यांना दिसत नव्हते.

आपण काय करावे?

१. आजचे कर्तव्य आज करावे. पुढच्या वर्षाचे ठाऊक नसले, तरी आज कोणता फॉर्म भरायचा, कोणाला फोन करायचा, हे बहुधा ठाऊक असते.

२. मन फार खचलेले असताना मोठा निर्णय बदलू नये. लोयोलाचे संत इग्नेशियस यांचा हा सल्ला आजही उपयोगी पडतो. शांत मनाने घेतलेला निर्णय निराशेच्या रात्री मोडू नये.

३. एकट्याने ओझे वाहू नये. योसेफाबरोबर मरिया होती. घरच्यांना, धर्मगुरूंना किंवा आपल्या समूहातील एखाद्या जाणत्या व्यक्तीला सांगावे.

कधी कधी आपण मागितले तसे घडत नाही, रिपोर्ट वाईट येतो. देव फक्त चांगली बातमी देईल, असे वचन योसेफालाही मिळाले नव्हते. मिसरच्या वाटेवर त्याच्याजवळ उत्तरे नव्हती. बाळ येशू होता. आपल्याही वाटेवर तोच सोबत आहे.

कुटुंबात चर्चेसाठी

• सध्या आपल्या घरात कोणत्या गोष्टीची वाट पाहणे चालू आहे? ते आपण एकमेकांशी बोललो आहोत का?
• मागे वळून पाहता, न कळता टाकलेले कोणते पाऊल देवाने सांभाळले?
• या आठवड्यात आपल्याला दिसणारे एक पाऊल कोणते?

प्रार्थना : हे संत योसेफा, तू अंधारात उठून चालू लागलास. आम्हाला आजच्या पावलापुरते धैर्य मिळावे, म्हणून आमच्यासाठी प्रार्थना कर. आमेन.