सीट धुता येते

आईबाबांनो, गाडीत लेकराला उलटी झाली की पुढच्याच क्षणी ते कुठे बघतं, कधी लक्ष दिलंय? आपल्याला काय झालं हे त्याला पुरतं उमगलेलंही नसतं. ते तुमच्या तोंडाकडे बघतं.

मला हे उशिरा कळलं. कऱ्हाडहून चिपळूणला, लेकीच्या आजोळी निघालो होतो. पाटणला पोहे झाले, वर कपभर दूध झालं. हेळवाक मागे टाकून कुंभार्ली घाट उतरायला लागलो आणि मागून हिची हाक आली, "अहो, थांबवा, थांबवा!" गाडी कडेला घेईपर्यंत सगळं सीटवर. गाडी घेऊन दोनच महिने झालेले, फिकट करड्या कापडाची सीट. वळून मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. चारच शब्द होते. लेक तेव्हा सहा वर्षांची.

दोन दिवसांनी परत निघताना आजीने घावणे केले. पोरगी ताटावर बसेना, पाण्यालाही नको म्हणाली. गाडीपाशी आल्यावर हळूच मला विचारलं, "बाबा, मी खाली पायापाशी बसू? म्हणजे सीट खराब नाही होणार."

तेव्हापासून कापडी सीट घरच्या घरी कशी साफ करायची हे मी हट्टाने शिकलो. सीट धुता येते याची आपल्याला आतून खात्री असली की ते चार शब्द तोंडातून निघतच नाहीत, म्हणून तुम्हालाही सांगतोय.

आधी लेकरू. खाली उतरवा, चूळ भरू द्या, कपडे बदला, वाऱ्याला उभं करा. सीट पाच मिनिटं थांबते. आमच्या डिक्कीत आता एक पिशवी कायम असते: दोन जुने पांढरे पंचे, पाण्याची बाटली, वर्तमानपत्रं, रिकाम्या पिशव्या आणि बाद झालेलं एक एटीएम कार्ड. कार्डाने वरचा घट्ट भाग कडेकडून मध्ये ओढत उचलायचा. मग पंचा गार पाण्यात पिळून दाबायचा, उचलायचा, स्वच्छ बाजू घेऊन पुन्हा दाबायचा. घासायचं नाही, घासलं की डाग धाग्यात आत जातो आणि बाजूला पसरतो. पंचा पांढराच हवा. रंगीत फडक्याचा रंग ओल्या सीटला लागतो, शिवाय पांढऱ्यावर डाग उतरतोय की नाही ते दिसतं.

गरम पाणी मात्र नको. दुधात, अंड्यात, उलटीत प्रथिनं असतात. कढत पाण्याने ती थिजतात आणि कापडाला धरून बसतात. मी घरी पोहोचल्यावर पातेलंभर गरम पाणी ओतलं होतं. दुधाचा तो वास पुढे पावसाळाभर येत राहिला, कारण ओतलेलं पाणी फोमने पिऊन टाकलं. कापडाखालचा फोम ओला राहिला की त्याला कुबट वास येतो, बुरशीही धरते. म्हणून सीटवर पाणी ओतायचं नाही, नळी तर मुळीच धरायची नाही. सीटखाली वायरी असतात, आणि बऱ्याच गाड्यांत पाठीच्या बाहेरच्या कडेला एअरबॅग असते. तिथे एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली दिसते, ती आधी शोधून ठेवा.

घरी आल्यावर लिटरभर साध्या पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण घालून खूप फेस करा. कुठेतरी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा, कापडाचा रंग जात नाही ना. मग फक्त फेस उचलायचा, पाणी खालीच राहू द्यायचं. मऊ ब्रशने हलक्या हाताने फिरवा आणि साध्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने दोन-तीनदा टिपून घ्या. साबण आत राहिला तर त्यावर धूळ चिकटते आणि तीच जागा आठवडाभरात काळी पडते. नुसता डाग पुसून सोडलात तर वाळल्यावर त्याच्याभोवती गोल कड उमटते. त्यासाठी शिवणीपासून शिवणीपर्यंत तेवढा पूर्ण भाग एकसारखा पुसायचा. ही एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं.

पोह्यांमुळे आमच्या सीटवर हळदही होती. साबण लागताच ती लाल झाली आणि माझ्या पोटात गोळा आला. घाबरू नका, साबणातल्या क्षाराने हळद लाल होतेच. साध्या पाण्याने टिपत राहिलं की पुन्हा पिवळी पडते. उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडायचा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, चार दुपारी दार उन्हाकडे उघडं ठेवलं की विटतो.

वासासाठी, सीट वाळत आल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. लघवीचा वास असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून हलकं फवारा, टिपून घ्या. दोन्ही एकत्र ओतू नका, फसफसतं खूप पण दोघांचाही जोर मरतो. व्हिनेगर आणि ब्लीच तर कधीच एकत्र नको, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आणि कळकळीने सांगतो, वास घालवायला सीटखाली डांबरगोळ्या ठेवू नका. बंद गाडीत त्यांची वाफ कोंडते, काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिने फुटतात. कापराची वडीही नको, लेकरू पटकन तोंडात घालतं आणि कापूर पोटात जाणं त्याला घातक ठरतं.

वाळवायला घाई करू नका. चारही दारं उघडी आणि टेबलफॅनचा झोत सीटवर. पावसाळ्यात ऊन नसेल तर एसी लावून चक्कर मारून या, एसी हवेतली ओल खेचून घेतो. हात दाबून गार लागलं तर आत अजून ओल आहे असं समजा.

बालसीट असेल तर कव्हर काढून पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे धुवा, पण पट्टे भिजत घालू नका. ब्लीच, कडक पावडर, इस्त्री यांनी त्यांची ताकद कमी होऊ शकते. नुसत्या ओल्या फडक्याने पुसा. बकलात सरबत-दूध गेलं असेल तर ‘टक्’ आवाज नीट येतोय का ते बघा. 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची बालसीट हवीच, 2019च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात 1000 रुपये दंड आहे. माझ्या लेकीने पायापाशी बसू का म्हणून विचारलं, तेव्हा या दृष्टीनेही माझ्या अंगावर काटा आला.

घाट लागतो यात लेकराचा काही दोष नसतो. वळण कानाच्या आतल्या भागाला कळतं, डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची स्थिर पाठ असते. या गोंधळातून मळमळतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त. मोबाइल काढून घ्या, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा, घाटाआधी दूध देऊ नका. त्या दिवशी दूध मीच आग्रहाने पाजलं होतं.

चिपळूणहून परतल्यावर पुढच्या रविवारी अंगणात मी लेकीला बोलावलं. पंचा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "मी तेव्हा ओरडलो, ते चुकलं माझं." ती काही बोलली नाही. पंचा दोन्ही तळहातांनी सीटवर दाबला, उचलला, उलटा करून बघितला. त्यावर फिकट पिवळा ठसा होता. "बाबा, निघतंय!" म्हणाली, आणि पुन्हा दाबायला वाकली.

मे महिन्यात पुन्हा चिपळूणला गेलो. परत निघताना आजीकडे तिने दोन घावणे खाल्ले, तिसरा डब्यात घेतला. धुतलेला पंचा तिनेच घडी घालून पिशवीत ठेवला.