रात्रीची मोटार, परळीचा कोळसा आणि वर्गाचा पत्रा

वर्गमित्रांनो, आणि शाळेत आल्यावर या भिंतीपाशी थांबून वाचणाऱ्या आईवडिलांनो,

गुरुजींनी 'ऊर्जा' हा धडा शिकवला आणि सांगितले, "आपापल्या घरचे उदाहरण घेऊन लिहून आणा." मी आमच्या बोअरच्या मोटारीचे उदाहरण घेतले. कारण आमच्या घरात रोज तिच्याविषयीच बोलणे चालते.

आमच्या शिवारात शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रीचा आठवडा आला की बाबा जेवण करून उसाला दारं धरायला जातात. ते परत येईपर्यंत आजी झोपत नाही. "लेका, बॅटरी घेतलास का? पायात बूट घाल," असे ती रोज म्हणते. मागल्या श्रावणात स्टार्टरच्या पेटीखाली घोणस निघाली होती. बाबांनी घरी येऊन ते हसत हसत सांगितले, पण आजी हसली नाही. मलाही त्या रात्री झोप लागली नाही.

आता हिशोब पाहू. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. आमची मोटार पाच हॉर्सपॉवरची, म्हणून तासाला पावणेचार युनिट आणि आठ तासांत सुमारे तीस युनिट. एक युनिट वीज तयार करायला दोन तृतीयांश किलोच्या आसपास कोळसा लागतो. म्हणजे एका रात्रीत वीस किलो कोळसा! आमच्या घरातला धान्याचा डबाही एवढा भरत नाही.

गंमत अशी की, वीस किलो कोळसा जाळला तर त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वीस किलोपेक्षा जास्त भरतो. मला हे आधी खोटेच वाटले. पण कोळशातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो आणि वजन वाढते. कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू २८० भाग होता. आज तो ४२० भागांच्या वर गेला आहे. तो उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे पृथ्वी एक अंशाहून अधिक तापली आहे.

आपल्या राज्यातली निम्म्याहून जास्त वीज कोळशाची आहे. आपल्या मराठवाड्यातले असे केंद्र परळीला आहे. तेथे कोळशाच्या आगीने पाण्याची वाफ करतात आणि वाफेने चाक फिरवतात. मग ती वाफ थंड करायला पुन्हा पुष्कळ पाणी लागते. हे पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येते. फेब्रुवारी २०१३ मध्ये बंधाऱ्यात पाणी उरले नाही आणि कोळसा असूनही केंद्र बंद पडले. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तेच झाले. पुढे एप्रिल २०१६ मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते.

धुरामुळेच दुष्काळ पडतो, असे मात्र मी म्हणणार नाही. आजीने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. ती खडी फोडायला जात होती आणि सुकडी खात होती. आपला भाग मुळातच कमी पावसाचा. पण तापलेली हवा जमिनीतला ओलावा जास्त ओढून घेते, आणि एक अंश वाढला की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरून ठेवते. मग पडतो तेव्हा एकदम कोसळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात परंडा, भूमकडे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

यावर सौरपंप हा उपाय आहे. सरकारची 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना २०२४ पासून आहे. तीत शेतकऱ्याला दहा टक्के रक्कम भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के. कोळसा नाही, बिल नाही, आणि उजेडातच पाणी द्यायचे. आजी म्हणते, "उद्याच आण." माझेही मत तसेच आहे.

पण एक शंका मी बाबांना विचारली. फुकटची मोटार रोज चालली तर बोअरमध्ये पाणी राहील का? आपल्या खाली काळा पाषाण आहे. पाणी साठते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. (गावाचे आणि त्या थराचे नाव एकच आहे, याची मला मौज वाटते.) बाबा आधी गप्प बसले. मग म्हणाले, "ऊस अर्धा एकर कमी करू आणि तूर लावू. बघू." आईचा यावर विश्वास नाही. कारण उसाचे पैसे एकदम येतात आणि तुरीचा भाव कोणाच्या हातात नसतो. आईचेही खरे आहे.

शाळेत काय करता येईल म्हणून आम्ही चौघींनी टेप घेऊन आमचा वर्ग मोजला. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वर्षाला सातशे मिलिमीटर धरले तर ४८ × ७०० = ३३,६०० लिटर! असे पंधरा वर्ग धरले की लातूरची ती पहिली गाडी भरते. सगळेच पाणी हाती लागणार नाही, काही उडते, काही सांडते. पण आज ते सगळेच अंगणात पडून चिखल करते आणि गटारीला जाते.

हातपंपाजवळ शोषखड्डा खणायला सातवीचा वर्ग तयार आहे. दगड आणि विटांचे तुकडे आम्ही जमा केले आहेत. पत्र्याला उतार एकाच बाजूला आहे, म्हणून सव्वीस फूट पन्हळ पुरेल. ती बसवण्याचे काम ज्या पालकांना जमते त्यांनी मृगाच्या आधी गुरुजींना भेटावे. शिडी शाळेत आहे.