सौर संचाची देखरेख : एक नोंदवही पुरेशी

धाराशिव जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा, ऊन मात्र विपुल. त्यामुळे वाडीवस्तीवरील शाळा किंवा ग्रामपंचायत कार्यालयास सौर पॅनेल व बॅटरी यांचा संच सोयीचा ठरतो. परंतु संच बसविला म्हणजे काम संपले, असे नव्हे. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते. बॅटरी मात्र दुर्लक्षामुळे लवकर निकामी होते, आणि अंधार पडल्यावरच ते गावाच्या लक्षात येते.

प्रथम हिशेब पाहू. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास वीज साठते. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करू नये. म्हणजे वापरास ६०० वॅट-तास मिळतात. १० वॅटचे ४ दिवे ५ तास लावल्यास २००, आणि ३० वॅटचा पंखा ६ तास चालविल्यास १८०, असे एकूण ३८० वॅट-तास खर्च होतात. त्यात ८० वॅटचा दूरदर्शन संच ३ तास चालविला, तर खर्च ६२० वर जाऊन मर्यादा ओलांडतो.

नोंदी तीनच ठेवाव्यात. पहिली, सूर्योदयापूर्वी सर्व उपकरणे अर्धा तास बंद ठेवून मल्टिमीटरने घेतलेला बॅटरीचा दाब. सुमारे १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. दुसरी, निरभ्र दिवशी दुपारी पॅनेलकडून येणारा विद्युतप्रवाह. हे मोजमाप बॅटरी पूर्ण भरण्यापूर्वी घ्यावे. तिसरी, पॅनेल पुसल्याची व बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घातल्याची तारीख.

या नोंदींवरून दोष शोधता येतो. सकाळचा दाब सलग तीन दिवस १२.२ च्या खाली राहिला व दुपारचा प्रवाहही घटला, तर धूळ, सावली किंवा सैल जोडणी तपासावी. प्रवाह पूर्वीइतकाच असेल, तर वापर वाढला आहे किंवा बॅटरी थकली आहे, असे समजावे. लिथियम बॅटरीचा दाब मात्र बराच काळ स्थिर राहतो. तेथे आत-बाहेर होणारी वीज मोजणारे यंत्रच हवे.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेतील सौर पंपांना सहसा बॅटरी नसते. तेथे भर दुपारी टाकी किती वेळात भरते, हे टिपावे. वेळ वाढल्यास विहिरीची पातळीही पाहावी.

शाळेतील नोंदीचे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांना शिकविता येईल. आम्ल हाताळणे मात्र जाणकारांवरच सोपवावे. नोंदवही दरमहा पंचायतीच्या बैठकीत ठेवावी. हमीच्या मुदतीत तक्रार करताना हाच पुरावा गावाच्या कामी येईल.