आरोग्याचा धडा : कामाच्या धांदलींत शरीराची निगा

धड्याचा उद्देश : ज्यांस दिवसभर उसंत नाहीं अशा कष्टकरी कुटुंबांनीं वेगळा वेळ न काढतां, रोजच्या कामाच्या ओघांतच आरोग्याच्या गोष्टी कशा साधाव्या, हें समजून घेणें.

१. “वेळ नाहीं” ह्या उत्तराचा विचार

वाचकहो, प्रकृतीस जपा असें कोणी सांगितलें कीं आपल्यापैकीं बहुतेकांचें उत्तर ठरलेलें असतें : “तें खरें, पण वेळ कोणास आहे?” हें उत्तर खोटें नाहीं. पहांटे उठून पाणी भरावें, गुरांचें शेणपाणी करावें, भाकऱ्या थापाव्या, मुलांस शाळेस लावून द्यावें, आणि उन्हें वर येण्याच्या आंत खुरपें घेऊन शेत गांठावें. दिवस मावळल्यावर परत येऊन पुन्हां चुलीपाशीं बसावें. सुगीच्या व लावणीच्या दिवसांत तर पाठ टेंकावयासही सवड मिळत नाहीं. गांवोगांव फिरणारे उपदेशक व शाळामास्तर ह्यांची स्थितीही फारशी निराळी नाहीं. अशा मनुष्यास ‘रोज तासभर व्यायाम करा आणि दूध-फळांचा आहार ठेवा’ असा उपदेश करणें म्हणजे त्याची अडचण मुळींच न समजणें होय.

परंतु ह्या गोष्टीची दुसरी बाजू पाहावी. आपली प्रकृति बिघडते ती कांहीं वेगळा वेळ काढून बिघडत नाहीं. ती रोजच्या घांसांत, रोजच्या घोटांत आणि रोजच्या संवयींत थोडी थोडी बिघडत जाते. म्हणून ती सुधारावयाची तीही तेथेंच. ह्या धड्याचें सार इतकेंच आहे कीं, नवें काम अंगावर घेऊं नये. जें काम रोज होतच असतें त्याची रीत बदलावी.

२. जामखेडचा दाखला

आरोग्य ही सवडीच्या व पैसेवाल्या लोकांचीच गोष्ट आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं जामखेडकडे पाहावें. अहमदनगर जिल्ह्यांतील (सन २०२४ पासून ह्या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर आहे) ह्या अवर्षणग्रस्त भागांत डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें सन १९७० मध्यें ग्रामीण आरोग्याचें काम आरंभिलें. त्यांच्या लवकरच ध्यानांत आलें कीं, दवाखान्यांत बसून रोग्यांची वाट पाहिल्यानें गांवें सुधारणार नाहींत. म्हणून त्यांनीं गांवांतल्याच स्त्रिया निवडल्या. त्यांपैकीं पुष्कळजणींस अक्षरओळखही नव्हती, आणि घर, शेत व मुलेंबाळें सांभाळून त्या हें काम करीत. त्या केंद्रांत येऊन शिकत व शिकलेलें आपल्या गांवांत सांगत : पाणी कसें राखावें, हगवण लागलेल्या मुलास मीठ-साखरेचें पाणी कसें पाजावें, गरोदर बाईनें काय खावें.

सन १९७१ च्या सुमारास ह्या भागांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकीं सुमारें १७६ वर्षाच्या आंत दगावत. पुढें कांहीं वर्षांतच तें प्रमाण निम्म्याहून खालीं आलें. सन १९७९ मध्यें आरोळे दांपत्यास रेमन मॅगसेसे पारितोषिक मिळालें. ज्या बायांनीं हें घडवून आणलें त्यांस आपल्याहून अधिक वेळ होता असें नाहीं. त्यांनीं एकेक लहान गोष्ट धरली व ती घरोघर रुजविली.

३. पहिली गोष्ट : चहा-भाकर व रक्तक्षय

आपल्या घरांतील स्त्रियांची एक तक्रार नेहमीं कानीं पडते : चढ चढतांना धाप लागते, उभें राहतांच अंधारी येते, पाय ओढत नाहींत. “कामाचा शीण आहे” असें म्हणून ती सोडून दिली जाते. पुष्कळदां तो नुसता शीण नसून रक्तक्षय असतो. सन २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं सबंध देशांत शेंकडा ५७ व महाराष्ट्रांत शेंकडा ५४ जणींस रक्तक्षय आढळला. म्हणजे विहिरीवर पाणी भरणाऱ्या दहा बायांपैकीं पांच-सहा जणी अपुऱ्या रक्तावर दिवसाचें काम ओढीत आहेत असें समजावें.

रक्त तयार होण्यास लोह लागतें. तें बाजरींत, हरभऱ्यांत, मटकींत, तिळांत व हिरव्या पालेभाज्यांत असतें, आणि मांस, मासळी व कलेजी ह्यांतील लोह तर शरीरास अधिक सहज लागू पडतें. पण धान्यांतील व पाल्यांतील लोह चहाबरोबर पोटांत गेलें, तर चहांतला तुरट अंश त्यास धरून ठेवतो व त्यांतलें बरेंचसें अंगीं न लागतां वायां जातें. सकाळीं चहांत भाकर बुडवून खाण्याची आपली चाल सोयीची खरी. पण बाजरीनें दिलेलें लोह तीच चाल परत घेते.

ह्यावर उपाय असे आहेत, आणि त्यांपैकीं एकासही वेगळा वेळ लागत नाहीं :

(अ) चहा सोडावा असें नाहीं. उठल्यावर चहा घ्यावा व भाकर तासाभरानें भाजीबरोबर किंवा कालवणाबरोबर खावी. जेवणानंतरही तासभर चहा घेऊं नये.

(आ) जेवतांना लिंबाची एक फोड पिळावी, अथवा हंगामांत आवळा किंवा पेरू खावा. आंबट फळांतील सत्त्व लोहास रक्तांत शिरण्यास साह्य करितें.

(इ) मटकी, मूग व हरभरे मोड आणून शिजवावे. रात्रीं भिजत घालण्यास व सकाळीं फडक्यांत बांधून ठेवण्यास कितीसा वेळ लागतो?

(ई) भाजी लोखंडी कढईंत करावी. विशेषतः आंबट पदार्थांत कढईचें थोडें लोह उतरतें. मात्र असे पदार्थ कढईंत तसेच ठेवूं नयेत, लगेच काढून घ्यावे.

(उ) शेतांत व परसाकडे अनवाणी जाऊं नये. मातींतील अंकुशकृमि तळव्याच्या कातडींतून शरीरांत शिरतात व आंतड्यांत राहून रक्त पितात. वहाण पायांत घालणें हाही रक्त राखण्याचा उपाय आहे.

गरोदर स्त्रीस सरकारी आरोग्य केंद्रांतून लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या निदान १८० दिवस रोज घ्यावयाच्या असतात. त्यांनीं शौचास काळें होतें म्हणून भिऊन कित्येकजणी त्या पेटींत टाकून ठेवतात. तो रंग लोहाचाच असतो, त्यांत भय नाहीं. गोळी चहा किंवा दुधाबरोबर न घेतां पाण्याबरोबर घ्यावी. गोळ्या घेऊनही अशक्तपणा हटत नसेल तर रक्त तपासून घ्यावें, कारण रक्तक्षयाचीं कारणें एकाहून अधिक आहेत.

येथें घरधन्यांसही एक शब्द सांगणें अवश्य आहे. पुष्कळ घरांत पुरुष व मुलें जेवून उठल्यावर बाई ताटाशीं बसते, आणि तोंवर भांड्यांत रस्साच उरलेला असतो. जिनें सर्वांस वाढलें तिच्या वांट्यास भाजी व डाळ उरली आहे कीं नाहीं, हें पाहण्यास क्षणभरही लागत नाहीं. सर्वांनीं एकत्र बसावें, किंवा निदान तिचा वांटा आधीं काढून ठेवावा. असें केल्यावांचून वर सांगितलेले बाकीचे उपाय अपुरेच पडतील.

४. दुसरी गोष्ट : मीठ व रक्तदाब

वाढलेला रक्तदाब हा मुका रोग आहे. डोकें दुखेल तेव्हां कळेल असें समजून स्वस्थ बसणाऱ्यास बहुधा कांहींच कळत नाहीं, आणि एके दिवशीं अर्धांगवायूचा झटका येतो किंवा हृदय दगा देतें. वर सांगितलेल्या पाहणींत १५ वर्षांवरील पुरुषांपैकीं शेंकडा २४ व स्त्रियांपैकीं शेंकडा २१ ह्यांचा रक्तदाब वाढलेला होता, किंवा तो ताब्यांत ठेवण्यासाठीं ते औषध घेत होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें मोठ्या माणसाच्या पोटांत दिवसाकाठीं ५ ग्रॅमपेक्षां कमी मीठ जावें. हें सुमारें चहाचा एक सपाट चमचा झालें, आणि त्यांत भाजी, भाकरी, लोणचें, पापड, खर्डा, फरसाण हीं सर्व आलीं. म्हणून जेवतांना मिठाचें भांडें पंगतींत आणूं नये. लोणचें व पापड दोन्ही एकाच वेळीं घेऊं नये. मुलांच्या हातीं रोज खारट पुडे देण्याऐवजीं फुटाणे किंवा बिनमिठाचे शेंगदाणे द्यावे. मीठ हळूहळू कमी केलें असतां तीन-चार आठवड्यांत जिभेस तीच चव रुचूं लागते.

तीस वर्षांच्या पुढील प्रत्येकानें वर्षांतून एकदां तरी रक्तदाब व रक्तांतील साखर तपासून घ्यावी. ही तपासणी सरकारी उपकेंद्रांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोफत होते. बाजाराच्या दिवशीं तालुक्यास जाणारच असाल तर त्याच फेरींत हें काम उरकावें. औषध सुरू झालें तर बरें वाटूं लागलें म्हणून तें आपण होऊन बंद करूं नये. बरें वाटतें आहे तें बहुधा औषधामुळेंच.

५. तिसरी गोष्ट : मिश्री व तंबाखू

सकाळीं चुलीपाशीं मिश्री भाजून दांतांस लावणें, आणि बांधावर बसून तंबाखू मळणें, ह्या संवयी कामाशींच जखडलेल्या आहेत. मिश्रीवांचून हात चालत नाहीं असें बाया म्हणतात, आणि भूक मरते म्हणून कित्येकजणी ती लावतात. पण मिश्री ही भाजलेली तंबाखूच होय. तिच्यामुळें तोंडाचा कर्करोग होतो, आणि गरोदरपणीं ती लावल्यास मूल कमी वजनाचें जन्मण्याचें भय असतें. महाराष्ट्रांत गुटख्यावर सन २०१२ पासून बंदी आहे. पण घरच्या खापरावर भाजलेल्या मिश्रीस कोणता कायदा अडविणार? तें काम घरच्यांनाच केलें पाहिजे.

संवय ज्या वेळेशीं बांधलेली असेल त्या वेळींच तिच्या जागीं दुसरें कांहीं ठेवावें. सकाळीं साध्या दंतमंजनानें किंवा कडुनिंबाच्या काडीनें दांत घासावे. बांधावर बसण्याच्या वेळीं बडीशेप अथवा भाजलेले जवस जवळ बाळगावे. तल्लफ येते ती कांहीं मिनिटांतच ओसरते. तेवढ्यांत पाणी प्यावें किंवा उठून दुसऱ्या कामास लागावें. पहिले कांहीं दिवस जीव तळमळतो, मग तें सोपें होत जातें. तोंडांत पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा दोन आठवड्यांत न भरणारें क्षत दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांस दाखवावें.

६. चौथी गोष्ट : श्रम व विश्रांति

येथें सर्वांस एकच नियम लागू करणें चुकीचें होईल. जो दिवसभर नांगर, विळा किंवा पाटी धरतो त्यास व्यायामाची आज्ञा नको, विश्रांति व पाणी हवें. उन्हाळ्यांत तहान लागण्याची वाट न पाहतां थोडथोडें पाणी पीत राहावें, अवघड काम सकाळीं अकराच्या आंत संपवावें, व डोक्यास ओला पंचा बांधावा. घाम थांबला, अंग तापलें व माणूस बरळूं लागला, तर तो उष्माघात समजून त्यास सावलींत न्यावें, अंगावर पाणी ओतावें व विलंब न लावतां दवाखान्यांत पोंचवावें.

उलट, पूर्वीचा उपदेशक पायीं गांवें हिंडे. आजचा फटफटीवर जातो. दुकानदार, कारकून व मास्तर बसूनच असतात. अशांसाठीं आठवड्यास निदान १५० मिनिटें झपाझप चालणें सांगितलें आहे. म्हणजे दिवसास सुमारें २२ मिनिटें. फटफटी गांवाच्या वेशीवर ठेवून घरोघर पायीं फिरलें तर भेटीही होतात व चालणेंही होतें.

झोंपेविषयीं इतकेंच कीं, मोठ्या माणसास रोज निदान सात तास झोंप लागते. दिवा मालवल्यावर हातांतील मोबाईल तासभर जळत राहतो, तो तास कामानें नेलेला नसतो.

७. निवड टिकविण्याची रीत

हें सर्व वाचून एकाच दिवशीं सगळें बदलूं पाहणारा मनुष्य आठवड्याभरांत पहिल्या जागीं परत येतो. म्हणून एक महिना एकच गोष्ट धरावी. ती रोजच्या एखाद्या ठराविक कामास जोडावी : जसें, ‘चूल विझवितांना मटकी भिजत घालीन.’ ती घरांत बोलून दाखवावी, म्हणजे इतरांची आठवण व साथ मिळते. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां सुरू करावें. त्यासाठीं नव्या महिन्याची वाट पाहूं नये. एक गोष्ट अंगवळणीं पडली म्हणजेच दुसरी हातीं घ्यावी. ह्या रीतीनें वर्षाअखेर पांच-सहा नव्या संवयी घरांत रुजतील, आणि त्यांपायीं शेतावरचा एकही दिवस मोडणार नाहीं.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. भाकरीबरोबर चहा घेतल्यानें कोणतें नुकसान होतें? आपल्या घरीं चहाची वेळ कशी बदलतां येईल?
२. घरांत शेवटीं कोण जेवतें, व तिच्या ताटांत काय उरतें?
३. लक्षण नसतांनाही रक्तदाब कां तपासावा? आपल्या मंडळींतील तिशीच्या पुढील किती जणांनीं तो तपासला आहे?
४. मिश्री सोडूं पाहणाऱ्या बहिणीस शेजारणींनीं कोणतें साह्य करावें?
५. येत्या महिन्यांत आपण कोणती एक गोष्ट धराल, व ती कोणत्या कामास जोडाल?

शिक्षकांस सूचना : पांचव्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येकाकडून तोंडीं घ्यावें, आणि पुढील महिन्यांत त्याविषयीं प्रेमानें विचारपूस करावी.