नाव चालवायचीही परीक्षा असते



सहलीचे दिवस जवळ आले की मुलांच्या तोंडी एकच नाव असते, दुधनी! मधुबन धरणाच्या पाण्यात नावेतून फेरी मारायची, ही प्रत्येकाची हौस. बसच्या चालकाजवळ लायसन्स हवे, हे लहान मूलही सांगेल. पण नावेत बसताना आपण फक्त भाडे विचारतो. नाव चालवणाराही कुठे शिकला असेल, हे मनातसुद्धा येत नाही.

युरोपात ऱ्हाईन, डॅन्यूब यांसारख्या नद्या व त्यांना जोडणारे कालवे म्हणजे पाण्याचे हमरस्तेच आहेत. एकच नाव अनेक देशांतून जाते. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाने ‘सेव्हनी’ ही समान नियमावली तयार केली आहे. हौशी मोटरबोट चालकांसाठी ‘इंटरनॅशनल सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्स’ हे प्रमाणपत्र आहे. त्याला थोडक्यात आय.सी.सी. म्हणतात, क्रिकेटशी त्याचा संबंध नाही! त्यासाठी वय किमान १६ वर्षे लागते, दृष्टी व श्रवण चांगले लागते, आणि नाव प्रत्यक्ष चालवून दाखवावी लागते. नद्या-कालव्यांत जायचे तर सेव्हनीच्या नियमांचीही परीक्षा द्यावी लागते.

त्या परीक्षेतले थोडे आपणही शिकू या.

१) नदीचा उजवा काठ कोणता? प्रवाह जिकडे जातो तिकडे तोंड करून उभे राहावे. दमणगंगेच्या पुलावर दमणच्या दिशेला तोंड केले की उजव्या हाताला उजवा काठ.

२) नावेच्या वाटेची उजवी कड लाल खुणेने व डावी कड हिरव्या खुणेने दाखवतात.

३) भोंग्याचा एक छोटा आवाज म्हणजे ‘मी उजवीकडे वळतो’, दोन म्हणजे ‘डावीकडे वळतो’, तीन म्हणजे ‘इंजिन उलटे चालवतो’, आणि चार म्हणजे ‘नाव माझ्या ताब्यात नाही’.

४) लहान नावेने मोठ्या जहाजाला वाट द्यावी, कारण मोठे जहाज चटकन थांबू किंवा वळू शकत नाही.

आपल्या देशातही हे शास्त्र आहे. १९१७ च्या जुन्या कायद्यात मास्टर, सारंग, इंजिन ड्रायव्हर अशी प्रमाणपत्रे होती. त्याची जागा २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने घेतली. यांत्रिक नावेची तपासणी, नोंदणी, विमा आणि चालकाचे प्रमाणपत्र या गोष्टी त्यात आल्या आहेत. पाटण्याला २००४ पासून यासाठी राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आहे. दहावी-बारावीनंतर काय, असे विचारणाऱ्या मुलांनी ही वाटही लक्षात ठेवावी.

हे सर्व आज सांगण्याचे कारण दुःखद आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी आपल्या शेजारच्या डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांची बोट उलटून तीन मुलींचा मृत्यू झाला. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती व अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. ती मुलेही आपल्या मुलांसारखीच डबा घेऊन, हसत घरातून निघाली होती.

म्हणून शिक्षक, पालक व विश्वस्त या सर्वांना माझी विनंती आहे. नावेत पाय ठेवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. चालकाजवळ प्रमाणपत्र आहे का? नावेत किती माणसे बसवण्याची परवानगी आहे? प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट मिळाले का, आणि त्याचे पट्टे बांधले का? काठावर मदतीची काय सोय आहे? एकाही प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल तर मुलांनी काठावर बसून डबा खावा. मुले थोडा वेळ रुसतील. पण संध्याकाळी सर्व जण घरी परततील.

आणि मुलांनो, हे प्रश्न तुम्ही स्वतः विचारलेत तरी तो उद्धटपणा नाही. ते शहाणपण आहे.