दुरून डोंगर साजरे : सहलीचा कॅमेरा कसा निवडावा?



सहलीचे दिवस जवळ आले की एक प्रश्न दरवर्षी हटकून आमच्यापुढे येतो. कधी एखादा विद्यार्थी, कधी त्याचे वडील, तर कधी आखातातून सुट्टीवर आलेले त्याचे काका विचारतात, "सर, प्रवासात खिशात मावेल आणि दूरचेही टिपेल असा लहानसा कॅमेरा घ्यायचा आहे, कोणता घ्यावा?" आम्ही उलट विचारतो, "आजवर तुमचे कोणते चित्र हुकले?" विचारणारा गोंधळतो. त्याला नाव हवे असते आणि आम्ही त्याच्याकडेच उत्तर मागतो. परंतु हा उलटा प्रश्न आम्ही एक मोल देऊन शिकलो आहोत. ते मोल कोणते, हे आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी शाळेसाठी कॅमेरा घेण्याचे काम आमच्याकडे आले. पैसे विद्यार्थ्यांनी रद्दी विकून साठविलेले होते. दुकानात गेलो आणि पेटीवर '३० पट झूम' असे ठळक छापलेले पाहून हरखलो. शेजारच्या कॅमेऱ्यावर दहाच पट लिहिले होते. तीस हे दहापेक्षा मोठे, एवढ्याच गणितावर आम्ही निवड केली.

त्याच वर्षी शाळेच्या वृद्ध सेवकांना निरोप देण्याचा समारंभ झाला. सारी मुले त्यांना 'मामा' म्हणत. वेळ संध्याकाळची, सभागृहात मोजकेच दिवे. आम्ही आपले मागच्या रांगेत बसून, झूम पुरता ओढून चित्रे घेत राहिलो. मामा नमस्कार करीत होते, मुली त्यांना ओवाळत होत्या. चित्रांत मात्र सारे धुरकट नि हललेले आले. पुढे दोन वर्षांनी मामा वारले. त्यांचा मुलगा चांगला फोटो मागावयास शाळेत आला, तेव्हा त्या समारंभातील एकही चित्र देण्याजोगे निघाले नाही. अखेर सापडला तो तांबडी सुर्लाच्या सहलीतला एक फोटो. महादेवाच्या देवळाबाहेर, भर उन्हात, मामा मुलांना पाणी वाढत आहेत. नववीतल्या एका मुलीने चार पावलांवरून, झूम मुळीच न वापरता तो घेतला होता. कॅमेरा तोच होता. दोष यंत्राचा नव्हता, निवडणाऱ्याचा आणि वापरणाऱ्याचा होता. म्हणून हा पाठ.

'पट' म्हणजे काय?

कॅमेऱ्याचे भिंग आणि त्याच्या मागील प्रकाशग्राही पाटी, म्हणजे सेन्सर, या दोहोंवर सारा खेळ चालतो. दूरच्या वस्तूचे चित्र भिंगापासून ज्या अंतरावर स्पष्ट उमटते ते भिंगाचे नाभीय अंतर. झूम भिंगात हे अंतर कमीजास्त करता येते. सर्वांत मोठ्या नाभीय अंतराला सर्वांत लहानाने भागले की जो आकडा येतो तोच पेटीवरचा 'पट'. वस्तू डोळ्यांना दिसते त्याच्या इतके पट मोठी दिसेल, असा त्याचा अर्थ नव्हे. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

उदाहरणादाखल २०१८ साली निघालेले दोन कॅमेरे घेऊ. नावे केवळ गणितासाठी घेतो, शिफारस म्हणून नव्हे. कॅननचा एसएक्स ७४० एचएस याचे नाभीय अंतर ४.३ मि.मी.पासून १७२ मि.मी.पर्यंत जाते, भागाकार ४० पट. पॅनासोनिकचा टीझेड २०० याचे ८.८ पासून १३२ मि.मी.; भागाकार १५ पट. जाहिरातीत मात्र पहिल्याचा शेवटचा आकडा ९६० आणि दुसऱ्याचा ३६० असा आढळेल. जुन्या ३५ मि.मी. फिल्मच्या कॅमेऱ्याशी तुलना करून काढलेले ते तुल्य आकडे होत. त्यांनी गोंधळून जाऊ नये.

आता पाटीकडे पाहा. पहिल्याचा सेन्सर सुमारे ६.२ मि.मी. रुंद आणि ४.६ मि.मी. उंच, क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मि.मी. दुसऱ्याचा १३.२ मि.मी. रुंद व ८.८ मि.मी. उंच, क्षेत्रफळ ११६ चौरस मि.मी. म्हणजे दुसऱ्याची पाटी पहिल्याच्या चौपट. या दुसऱ्याला 'एक इंची' म्हणतात. पण त्यात इंच कोठेच नाही! त्याचा कर्णही सुमारे १६ मि.मी. भरतो. टेलिव्हिजनच्या जुन्या कॅमेऱ्यांतील काचनळ्यांच्या बाहेरील व्यासावरून हे नाव चिकटले आणि नळ्या गेल्या तरी राहिले.

करमळीच्या तळ्यावरचा बगळा

आपण करमळीच्या तळ्याकाठी उभे आहोत. ६० मीटरांवर एक लहान बगळा उभा आहे. त्याची उंची सुमारे ६० सेंटिमीटर. उंची आणि अंतर यांचे गुणोत्तर १ : १००. समरूप त्रिकोणांचा नियम आठवा : पाटीवरील प्रतिमेची उंची नाभीय अंतराच्या शंभराव्या भागाइतकी असणार.

पहिल्या कॅमेऱ्यात प्रतिमा १.७२ मि.मी. उंच उमटेल. पाटीच ४.६ मि.मी. उंच, तेव्हा बगळा चित्राचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग व्यापील. दुसऱ्यात प्रतिमा १.३२ मि.मी.; पाटी ८.८ मि.मी. उंच. बगळा चित्राचा जेमतेम सातवा भाग. येथे लांब झूमच्या लहान सेन्सरचा विजय निर्विवाद आहे. ज्याला पक्षी टिपावयाचे आहेत आणि तेही सकाळच्या लख्ख उजेडात, त्याने हाच प्रकार घ्यावा.

सभागृहातील मामा

आता तेच दोन कॅमेरे संध्याकाळच्या सभागृहात नेऊ. झूम मुळीच न ओढता दोहोंचा छिद्रांक ३.३ आहे. छिद्रांक म्हणजे नाभीय अंतर भागिले भिंगाच्या छिद्राचा व्यास. पहिल्याचे छिद्र ४.३ भागिले ३.३, म्हणजे १.३ मि.मी. दुसऱ्याचे ८.८ भागिले ३.३, म्हणजे सुमारे २.७ मि.मी. व्यास दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट, म्हणून आत येणारा एकूण प्रकाशही चौपट. अंकात दोन्ही सारखे. परंतु एक वाटी नि दुसरे तांब्या!

याचा परिणाम असा की, लहान पाटीला ज्या चित्रासाठी शटर १/१५ सेकंद उघडे ठेवावे लागते, तितकेच स्वच्छ चित्र मोठी पाटी १/६० सेकंदात देऊ शकते. ओवाळणारा हात १/१५ सेकंदात हलतो आणि चित्रात पुसट होतो. येथे कोणी म्हणेल, कॅमेऱ्यात हात स्थिर ठेवणारी योजना असते ना? असते, पण ती धरणाऱ्याच्या हाताचा कंप सावरते. समोरच्या माणसाला ती थांबवू शकत नाही.

आमची दुसरी चूकही आता ध्यानात येईल. झूम पुरता ओढला की अशा भिंगांचा छिद्रांक वाढतो. पहिल्या कॅमेऱ्यात तो ६.९ पर्यंत जातो. ३.३ वरून ६.९ वर जाताना पाटीवरचा प्रकाश एक-चतुर्थांशाहूनही कमी उरतो. मागच्या रांगेतून झूम ओढण्याऐवजी आम्ही उठून मामांपाशी गेलो असतो, तर त्या जुन्या कॅमेऱ्यानेही काही तरी पदरात टाकले असते. दुरून डोंगर साजरे असतील. माणसे जवळूनच साजरी दिसतात.

पिक्सेलांचा मोह

'पट' सुटला की लोक पिक्सेलांपाशी अडकतात. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी बनविलेल्या पहिल्या हातात धरता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यात अवघे १०,००० ठिपके होते, वजन सुमारे साडेतीन किलो, आणि एक चित्र कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. त्या काळी ठिपके मोजणे योग्य होते. आज आपली गरज किती? या वार्षिक अंकाचे पान ७ इंच रुंद व साडेनऊ इंच उंच धरू. उत्तम छपाईस इंचाला ३०० ठिपके लागतात. २,१०० गुणिले २,८५० म्हणजे सुमारे ६० लाख. वर सांगितलेल्या दोन्ही कॅमेऱ्यांत २ कोटी आहेत. पूर्ण पान भरण्यास लागतात त्याच्या तिपटीहून हे अधिकच. तेव्हा या आकड्यासाठी कोणी जादा पैसे मोजू नयेत.

जुना टाकून नवा केव्हा घ्यावा?

गतवर्षी शाळेत नव्या कॅमेऱ्याचा विषय निघाला, तेव्हा आम्ही दुकानात जाण्याआधी दहावीच्या मुलांना जुन्या चित्रांचा अभ्यास करावयास सांगितले. डिजिटल चित्रासोबत त्या वेळचे नाभीय अंतर, शटरचा वेळ आणि छिद्रांक आपोआप नोंदले जातात. संगणकावर ते वाचता येतात. मुलांनी वह्यांत रकाने पाडून मोजणी केली. निष्कर्ष उघड होता : बहुसंख्य चित्रे झूम न ओढता घेतलेली होती, पुरता ओढलेला झूम प्रामुख्याने पक्ष्यांसाठी वापरला होता, आणि बिघडलेली चित्रे बहुतेक सभागृहातील, देवळाच्या मंडपातील किंवा तिन्हीसांजेची होती. आपले कोणते चित्र हुकते, हे अशा रीतीने कागदावर आले. मोठ्या सेन्सरचा, कमी झूमचा लहान कॅमेरा घ्यावा असे ठरले.

पक्षिमंडळातील मुले हिरमुसली. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. बगळ्याचे गणित त्यांच्याच बाजूचे होते. तेव्हा जुना तीस पटींचा कॅमेरा त्यांच्या स्वाधीन केला. पहाटेनंतरच्या उन्हात, करमळीला किंवा चोडणच्या पक्षी अभयारण्यात, तो आजही चोख काम करतो. नवे घेणे म्हणजे जुने फेकणे नव्हे. जुन्याला त्याच्या जोगे काम देणे हाही नवे घेण्याचाच भाग आहे.

खरेदी करणाऱ्या पालकांनी आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, डोळ्याला लावून पाहावयाची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर. आपल्याकडच्या उन्हात मागचा पडदा नीट दिसत नाही. नवीन ते प्रत्येक बाबतीत वरचढ असे समजू नये : पॅनासोनिकच्या २०१९ च्या टीझेड ९५ मध्ये ही खिडकी होती, २०२५ च्या टीझेड ९९ मध्ये ती नाही. दुसरी, बॅटरी. ती कशी भारित करावयाची आणि जादा बॅटरी मिळते का, हे आधीच विचारावे. तिसरी, आपला पावसाळा. दमट हवेत भिंगाच्या आत बुरशी धरते. म्हणून कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडून न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. समुद्रकाठची वाळू तर बाहेर सरकणाऱ्या भिंगाची वैरीण.

कोणी विचारील, घरोघरी फोन असताना हा खटाटोप कशाला? ज्याची चित्रे फोनमध्ये समाधानकारक येतात त्याने कॅमेरा मुळीच घेऊ नये. तेही आमच्या प्रश्नाचे एक उत्तरच आहे. शाळेची गोष्ट वेगळी. येथे मुलांच्या हाती सर्वांच्या मालकीचे साधन द्यावयाचे असते, आणि चित्रे कोणा एकाच्या फोनमध्ये न राहता कपाटात जपावयाची असतात.

आमच्या नव्या कॅमेऱ्याच्या डब्यावर मुलांनी एक चिठ्ठी चिकटविली आहे : 'आधी दोन पावले पुढे जा, मग झूम ओढा.' त्या कपाटाशेजारी भिंतीवर मामांचा पाणी वाढतानाचा फोटो लावला आहे. कॅमेरा न्यावयास येणारा प्रत्येक विद्यार्थी तो पाहतो. त्याची एक मोठी प्रत मामांच्या घरीही आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एका कॅमेऱ्याचे नाभीय अंतर ५ मि.मी.पासून १०० मि.मी.पर्यंत जाते. त्याचा झूम किती पट?

२. ३० सें.मी. लांबीचा कमळपक्षी ३० मीटरांवर आडवा उभा आहे. लेखातील दोन्ही कॅमेऱ्यांत त्याची सर्वांत मोठी प्रतिमा किती लांब उमटेल? ती पाटीच्या रुंदीचा कितवा भाग व्यापील?

३. घरातील जुन्या चित्रांपैकी पन्नास चित्रे निवडा. त्यांतील किती बिघडली व कशामुळे, याचा तक्ता तयार करून वर्गात दाखवा.