थकलेल्या भगिनीची उपासना



खेड्यांतील मंडळ्यांत एक गाऱ्हाणें वारंवार ऐकूं येतें, आणि तें बहुधा हळू आवाजांत सांगितलें जातें. रात्रीं प्रार्थनेला गुडघे टेकले म्हणजे दोन वाक्यें होतात न होतात तोंच डोळा लागतो. शास्त्र उघडलें तर अक्षरें एकमेकांत मिसळतात. आणि मन म्हणूं लागतें कीं, माझी प्रभूवरील प्रीति निवाली. हें दुःख लहान नाहीं. ह्या लाजेनें एखादी भगिनी उपासनेस येणेंही सोडून देते, आणि मंडळी तिला थंड पडलेली समजते.

तिचा दिवस कसा जातो तें आधीं पाहा. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाची उचल फेडावयाची ती दोघांनीं. परंतु भाकरी थापणें, पाणी आणणें, लेंकरूं पाजणें हें बहुतेक तिच्या एकटीच्या वाट्याचें. ती अंधारांत उठते, दिवसभर ऊस बांधते, मोळ्या डोक्यावर वाहते, आणि गाडी रात्रीं आली तर रात्रींच भरावयास जाते. गांवीं राहणारीचें फारसें निराळें नाहीं. खुरपणी, शेळी, चूल, सासूचें दुखणें. अशा देहाला झोंप आली तर त्यांत अविश्वास कोठून आला? शीण आणि पाप हीं दोन निराळीं आहेत, व तीं निराळींच ठेविलीं पाहिजेत.

अशा भगिनीला मार्थेची गोष्ट (लूक १०:३८-४२) ऐकविण्याची आपल्यांत चाल आहे. ती ऐकविणारा बहुतकरून पुरुष असतो, आणि त्याचें जेवण त्या वेळीं कोणीतरी रांधीत असतें! म्हणून तो भाग नीट वाचूं या. प्रभूला घरीं घेतलें तें मार्थेनें. तिच्या स्वयंपाकाला त्यानें दोष दिला नाहीं. तो बोलला तें तिच्या मनाच्या ओढाताणीविषयीं. त्यानें तिचें नांव दोनदां घेतलें. देवानें असें दोनदां नांव घेऊन अब्राहामाला हाक मारिली, मोशेला मारिली, बाळ शमुवेलाला मारिली. ती रागाची हाक नव्हे.

शिवाय मार्थेची गोष्ट तेथें संपत नाहीं. योहानाच्या ११ व्या अध्यायांत लाजार मेल्यावर मरीया घरांत बसून राहिली, आणि मार्था प्रभूला सामोरी गेली. हाच ख्रिस्त, देवाचा पुत्र, असा विश्वास भावाच्या मरणाच्या दुःखांत जिनें तोंडानें कबूल केला ती हीच राबणारी बहीण. पेत्राच्या कबुलीवर आपण किती उपदेश ऐकतों, आणि मार्थेच्या कबुलीवर किती? पुढें १२ व्या अध्यायांत बेथानीस पुन्हा जेवण झालें, आणि मार्था पुन्हा वाढीत होती. ह्या वेळीं तिनें कुरकुर केल्याचें लिहिलेलें नाहीं, आणि प्रभूही तिला कांहीं बोलला नाहीं. काम तेंच, हात तेच. मन ठिकाणीं आलेलें.

आतां एलीयाकडे पाहूं (१ राजे १९). ईजबेलीच्या भयानें पळून तो रतामाच्या झुडुपाखालीं पडला व मरण मागूं लागला. देवानें त्याला प्रथम काय दिलें? उपदेश नव्हे. झोंप दिली, भाजलेली भाकर दिली, पाण्याचें भांडें दिलें. तो पुन्हा निजला तर निजूं दिलें, आणि उठवून पुन्हा खावयास घातलें. होरेबावरचें बोलणें त्यानंतरचें. हन्नेचेंही तसेंच. प्रार्थना करणारी स्त्री म्हणून जिचें नांव आपण घेतों, ती शमुवेल अंगावर पीत होता तोंवर शिलोच्या वार्षिक यज्ञास गेलीच नाहीं. आणि तिचा नवरा एलकाना यानेंही तिला जें बरें दिसेल तें करूं दिलें. हें तिचें पाप म्हणून कोठेंही लिहिलेलें नाहीं. तान्हें मूल असणाऱ्या भगिनींनीं हा भाग कोणाकडून तरी वाचून घ्यावा.

तर मग अशा दिवसांत भक्ति जिवंत कशी ठेवावी? आपल्या देशांत ह्याची एक जुनी रीत होती. पहाटे जात्याशीं बसलेली स्त्री दळतां दळतां ओव्या गात असे. देवाचें नांव, माहेर, भाऊ, मनांतलें शल्य, सारें त्यांत येई. आतां गिरण्या झाल्या, आणि जिनें जातें ओढलें आहे ती तें परत मागणार नाहीं. परंतु हात गुंतलेले असतां तोंड व मन देवाकडे लावण्याची ती रीत आपण टाकूं नये. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनीं ख्रिस्ती भक्ति अभंगांत व ओवींत आणिली. अशीं पदें पुस्तकावांचून पाठ होतात. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८-१९३६) यांनीं पुरें केलें, आणि त्यांना शाळेचें शिक्षण असें मिळालें नव्हतें. जिला वाचतां येत नाहीं तिनें रविवारीं एक लहान वचन पाठ करून घ्यावें व आठवडाभर तेंच वापरावें : चूल पेटवितांना, हंडा उचलतांना, मोळी बांधतांना. उपदेशकांनीं तें वचन सोपें निवडावें. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनीं केडगांवीं एवढ्या स्त्रियांचा व मुलींचा संसार सांभाळून शास्त्राचें भाषांतर केलें, तें साध्या बायकांना समजावें म्हणूनच. १९२४ सालीं, त्यांच्या मागें, तें छापून पुरें झालें.

प्रार्थना लांब असावी असेंही नाहीं. मंदिरांतील जकातदाराची प्रार्थना एका श्वासांत संपते, आणि तोच नीतिमान ठरून घरीं गेला. मात्र काम हीच प्रार्थना, असें जें कोणी म्हणतात तें मला पुरतें पटत नाहीं. प्रभु स्वतः दिवसभर लोकांत राबून पहाटे एकांतीं जात असे. पांच मिनिटें कां होईना, एकटीचीं असावींत. तीं रात्रीं शिणलेल्या डोळ्यांनीं नव्हे, तर अंग ताजें असेल तेव्हां काढावींत.

परंतु हीं पांच मिनिटें तिला देणें हें घरच्यांचेंही काम आहे. विसाव्याच्या आज्ञेंत पुत्र, कन्या, दास, दासी, बैल, गाढव, परदेशी, सर्वांचीं नांवें आहेत. पत्नीचें नांव निराळें नाहीं. ज्याला ‘तूं’ म्हटलें आहे त्यांतच ती आली, असा अर्थ मी घेतों. तरी रविवारीं बैल गोठ्यांत विसावतो, घरधनी पारावर बसतो, आणि चूल मात्र दोन्ही वेळां पेटते! तिबिर्या समुद्राच्या कांठीं रात्रभर जाळें ओढून दमलेल्या शिष्यांसाठीं उठलेल्या प्रभूनें स्वतः विस्तव केला, मासळी व भाकर तयार ठेविली, आणि त्यांना जेवावयास बोलाविलें. मग आपल्या बंधूंनीं दोन हंडे पाणी आणिलें तर त्यांचा कोणता मान जातो?

उपदेशक बंधूंना एवढेंच सांगावयाचें कीं, ऊसतोडीच्या तळावर रात्रीं उशीरां सभा घेऊं नये. दुपारच्या भाकरीच्या वेळीं फडाच्या बांधावरच बसावें. एक पद, एक वचन, एक प्रार्थना, पाव तासांत. लेंकरूं रडलें तर आईनें उठून जावें, आणि एखादी बसल्या जागीं पेंगली तर तिला कोणी हलवूं नये.